आधी गंज, मग इंजिन

१९७४ साली मुंबईत, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून फियाटची एक जुनीच गाडी नव्या नावाने बाहेर पडू लागली. प्रीमियर पद्मिनी. त्या पहिल्या पद्मिनींनी आता पन्नाशी ओलांडली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये जो बदल झाला, त्यानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली खासगी दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. वाड्याच्या मागे, गोठ्याच्या पडवीत, फाटक्या ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या कितीतरी गाड्यांना आता तो दर्जा मिळू शकतो. पण नियमाची एक अट आहे. गाडीची चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणून दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवून किंवा अख्खा सांगाडा बदलून काम भागत नाही. जे आहे तेच वाचवावं लागतं, आणि वऱ्हाडात ते वाचवायचं असतं गंजापासून.

वऱ्हाडातलंच वलगाव घ्या: अमरावतीपासून दहा-बारा किलोमीटरवरचं, पेढी नदीच्या काठचं गाव. गावातून एक रस्ता दर्यापूरकडे जातो, दुसरा परतवाड्याकडे. कापसाच्या पैशाने या पट्ट्यात फार पूर्वी मोटारी आल्या. सावकार, डॉक्टर, वकील, जिनिंगवाले यांच्या दारात फियाट आणि अँबॅसिडर उभ्या राहिल्या. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत या गाड्या एकेक करून मागच्या अंगणात गेल्या. विकवल्या मात्र नाहीत. ‘बाबांची गाडी आहे, राहू दे’ एवढ्या एका वाक्यावर त्या पंचवीस-तीस पावसाळे उभ्या आहेत.

घरच्यांनी मिळून पहिल्यांदाच जुनी गाडी दुरुस्त करायला घ्यायची असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पद्मिनीसारखी दुसरी गाडी नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. फियाटशी करार झाल्यावर तिथे फियाटच्या गाड्या बनू लागल्या, आणि १९६४ मध्ये ‘फियाट ११०० डिलाइट’ आली. पद्मिनी तिचीच पुढची आवृत्ती. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, कार्बोरेटर, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, मागच्या चाकांना जोर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. बोनट उघडलं की प्रत्येक भाग नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो आणि साध्या पान्यांनी सुटतो. लालबहादूर शास्त्रींनी पंजाब नॅशनल बँकेचं ५,००० रुपयांचं कर्ज काढून घेतलेली डीएलई ६ नंबरची गाडी याच घराण्यातली, १९६४ ची फियाट. त्यांच्या निधनानंतर ते कर्ज त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. दिल्लीतल्या त्यांच्या स्मारकात ती गाडी आजही पाहायला मिळते.

आता कामाला लागू. गाडी बाहेर काढली की घरातल्या प्रत्येकाला पहिली घाई असते ती बॅटरी लावून सेल्फ मारायची. ती आवरा. इंजिन हा या कामातला सोपा भाग आहे. जाम झालेलं इंजिन सुटतं, बोअर होतं, नवीन रिंगा बसतात. वऱ्हाडात डिझेल पंप आणि ट्रॅक्टर दुरुस्त करणारी लेथची दुकानं गावोगाव आहेत आणि त्यांच्यासाठी पद्मिनीचं इंजिन हे खेळणं आहे. यंत्र टिकवणं या भागाला नवीनही नाही. अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ मार्गावरच्या ‘शकुंतला’ रेल्वेगाडीला ओढणारं, १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन इथल्या माणसांनी १९९४ पर्यंत चालतं ठेवलं. गाडी मरते ती पत्र्यामुळे.

याचं कारण पद्मिनीच्या रचनेत आहे. जीपला किंवा ट्रकला खाली वेगळी चासी असते, तिच्यावर बॉडी बसवलेली असते. पद्मिनीला तशी वेगळी चासी नाही. जमिनीचा पत्रा, दारांखालून जाणारी पोकळ पायदानं, चाकांवरच्या कमानी आणि छत, हे सगळं एकमेकांना जोडून जो डबा तयार होतो तोच गाडीचा भार पेलतो. दाराखालचा पायदानाचा पत्रा दिसायला शोभेचा वाटतो, प्रत्यक्षात तो घराच्या तुळईसारखं काम करतो. तो सडला की गाडी मधोमध किंचित खाली बसते, आणि पहिली खूण दिसते ती दारांत. दार उघडताना ठीक उघडतं, लावताना उचलून लावावं लागतं. असं दार दिसलं की बिजागरीला दोष देऊ नका, खाली वाका.

अमरावतीतले एक जुने डेंटर मला म्हणाले होते, “भाऊ, आंधी खालून पाहा, मंग रंगाचं बोला.” त्यांची तपासणीची पद्धत कुणालाही जमेल अशी आहे. हातात एक छोटं चुंबक घ्यायचं आणि ते पायदानावर, दाराच्या खालच्या काठावर, हेडलाइटच्या भोवती, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात फिरवायचं. चांगल्या पत्र्याला ते टक्कन चिकटतं. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग बोथट पेचकसाने हळूच टोचायचं. त्यांनी माझ्यासमोर एका पायदानाच्या खालच्या शिवणीत पेचकस घातला तेव्हा वरचा रंग कागदासारखा फाटला आणि आतून काळ्या मातीचं वाळलेलं ढेकूळ निघालं. त्याला पायदानाचा आकार आला होता. चाकांनी उडवलेला गारा वर्षानुवर्षं आत जाऊन बसला, आणि पाणी बाहेर जाण्यासाठी कंपनीने ठेवलेली भोकं त्यानेच बुजवली. काळी माती पाणी धरून ठेवते हे शेतकऱ्याला सांगायला नको. ज्या गुणाने कापूस पिकतो त्याच गुणाने पायदान सडतं.

गंज कसा चढतो हे समजलं की पुढचं सगळं काम समजतं. लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की लोखंडाचे कण सुटतात आणि त्यांचा तांबूस ऑक्साइड बनतो. ही मुळात विजेची क्रिया आहे. पत्र्यावरच्या पाण्याच्या थेंबात एका जागी लोखंड विरघळतं, दुसऱ्या जागी ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेतो आणि दोन्हींमधून अगदी बारीक प्रवाह वाहतो. पाण्यात क्षार असतील तर तो प्रवाह जोरात वाहतो. म्हणूनच दर्यापूर-भातकुलीकडच्या गाड्या जास्त सडलेल्या दिसतात. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने गाडी धुतली की पाणी वाळतं, मीठ शिवणीत राहतं, आणि पुढच्या पावसाळ्यात हवेतला ओलावा ते मीठच ओढून घेतं. दुसरा शत्रू खताचं पोतं. उभ्या गाडीच्या मागच्या सीटवर किंवा डिकीत खत ठेवायची पद्धत फार आहे. पोटॅश म्हणून आपण जे खत टाकतो ते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच भाऊ. पोतं फुटलं आणि ओल लागली की खालचा पत्रा गेला.

अॅल्युमिनियमवरही ऑक्साइड चढतो, पण तो घट्ट चिकटून राहतो आणि आतल्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज पोकळ आणि सच्छिद्र असतो. तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, म्हणून रंगाला फुगे येतात आणि दोन पत्र्यांमधली शिवण फुगून उसवते. शिवाय तो ओल धरून ठेवतो. एकदा गंज लागलेली जागा रंगाखाली दाबली तरी खाली काम चालूच राहतं. मी इतक्या जणांना नुसत्या पुट्टीवर आणि रंगावर पैसे ओतताना पाहिलं आहे की हे कळकळीने सांगतो: गंजावर पुट्टी मारलेली गाडी दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा फुगते.

दिल्लीत कुतुबमिनारच्या आवारात सोळाशे वर्षांपूर्वीचा लोहस्तंभ उभा आहे. तो का गंजला नाही याचा अभ्यास कानपूर आयआयटीचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी केला. त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे, आणि त्यामुळे पृष्ठभागावर लोखंडाच्या फॉस्फेटचा पातळ, घट्ट थर तयार झाला आहे. रंगाच्या दुकानात गंज घालवायचं म्हणून जे द्रावण मिळतं त्यात बहुतेक वेळा फॉस्फोरिक अॅसिडच असतं. ब्रशने घासून उरलेल्या बारीक गंजावर ते लावलं की पृष्ठभाग काळपट होतो, तो फॉस्फेटचा थर. पण हे औषध वरवरच्या गंजासाठी आहे. ज्या पत्र्याला भोक पडलं किंवा जो बोटाने दाबल्यावर आत जातो, तो कापूनच काढावा लागतो.

सुटे भाग, म्हणजे बिजागऱ्या, ब्रॅकेट, जॅकचं सामान, सीटच्या पट्ट्या यांच्यासाठी मुलांना सोबत घेऊन करण्यासारखा प्रयोग आहे. प्लास्टिकच्या टबात पाणी घ्यायचं, दर चार लिटरला साधारण एक मोठा चमचा धुण्याचा सोडा टाकायचा. गंजलेला भाग तारेने पाण्यात टांगायचा आणि त्याला बॅटरी चार्जरची ऋण टोकाची तार जोडायची. दुसऱ्या बाजूला साध्या लोखंडाचा टाकाऊ तुकडा धन टोकाला. दोघांचा एकमेकांना स्पर्श होऊ द्यायचा नाही. चार्जर सुरू केला की गंजलेल्या भागावर बुडबुडे येतात, गंज सैल होतो आणि सकाळी साध्या ब्रशने निघतो. चांगलं लोखंड जसंच्या तसं राहतं. तारांना हात लावण्यापूर्वी चार्जर बंद करायचा, आणि ते काम मोठ्यांचंच. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, म्हणून हा टब अंगणात उघड्यावर ठेवायचा, जवळपास विडी-काडी नको. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. स्प्रिंग आणि ताणाचे बोल्टही यात टाकू नयेत, ते ठिसूळ होऊ शकतात.

बॉडीचं काम कधी करायचं हे इथे हवामान ठरवतं, आणि वऱ्हाडचं हवामान या बाबतीत उदार आहे. मार्च ते मे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्रास होतो, पण हवा इतकी कोरडी असते की घासून उघडा केलेला पत्रा लगेच तांबूस होत नाही. शेतातही कामं कमी असतात. त्या काळात पहाटे नि संध्याकाळी गाडी सोडायची, घासायची, कापाकापी करायची. मृग लागायच्या आत प्रत्येक उघड्या पत्र्यावर प्रायमर चढलेला हवा, हा एक नियम काटेकोर पाळावा. पावसाळाभर इंजिन, ब्रेक, वायरिंग आणि सीटचं काम छपराखाली चालतं. रंग मात्र दिवाळीनंतर. दमट हवेत रंगावर पांढरट झाक येते आणि मे महिन्याच्या उन्हात रंग पसरण्याआधीच वाळतो. नोव्हेंबर ते जानेवारीची कोरडी, मऊ थंडी रंगासाठी सगळ्यात चांगली. घाईने एका उन्हाळ्यात सगळं उरकायचा हट्ट धरणाऱ्या घरांत गाडी अर्धवट पडते, असा माझा अनुभव आहे.

गाडी उचलताना खाली विटा लावायची सवय मोडा. भाजलेली वीट वजनाखाली अचानक फुटते, आणि पद्मिनीचं वजन नऊशे किलोच्या आसपास आहे. गॅरेजवाले ज्याला घोडी म्हणतात ते लोखंडी स्टँड घ्या किंवा जाड लाकडाचे ठोकळे आडवे-उभे रचा. जॅक ज्या जागी लावतात तिथलाच पत्रा बहुधा सडलेला असतो, म्हणून भार अॅक्सलवर घ्या.

सुटं केलेलं सामान ओळखता येणं हे पहिल्यांदा काम करणाऱ्या घराचं खरं संकट आहे. इथे दहा-बारा वर्षांच्या मुलाइतकं उपयोगी कोणी नाही. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाइलवर फोटो, मग नट-बोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी: ‘डावं पुढचं दार, वरची बिजागरी’. ज्या घरात हे नेमाने झालं तिथे गाडी पुन्हा जुळली. हिशेबाची वही घरातल्या सगळ्यात काटेकोर माणसाकडे द्या, बहुतेक घरांत ती आई किंवा आजी असते. आणि ज्यांनी ती गाडी चालवली त्या आजोबांना रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसवा. चोक किती ओढायचा, गिअर कुठे अडतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

मुलांना मात्र जुना रंग घासू देऊ नका. त्या काळच्या रंगांत शिसं असू शकतं. पाणी मारून ओलं घासायचं, मोठ्यांनी, तोंडाला चांगला मास्क लावून. ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टस असण्याची शक्यता धरावी, ड्रममधली धूळ फुंकू नये की हवेच्या पाइपने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. आणि पेट्रोलच्या टाकीला घरात किंवा ओळखीच्या वेल्डरकडून झाळ मारून घेऊ नका. दहा वर्षं रिकामी पडलेल्या टाकीतही वाफ असते आणि ती फुटते. माणसं गेली आहेत त्यात.

वेल्डिंग हे घरी शिकायचं काम नाही, पण समोर उभं राहून नीट करवून घ्यायचं काम आहे. पायदान कापण्यापूर्वी दारांच्या चौकटीत आडव्या लोखंडी पट्ट्या तात्पुरत्या जोडून सांगाडा बांधून घ्यायचा, दोन्ही बाजू एकदम कापायच्या नाहीत. नवा पत्रा १८ किंवा २० गेजचा पुरतो. शेतीची अवजारं जोडणारा वेल्डर जाड लोखंडात तरबेज असतो, पण त्याची साधी आर्क या पातळ पत्र्याला भोकं पाडते. सीओटू वेल्डिंग असलेला डेंटर शोधा, आणि सलग न जोडता थोडं थोडं, जागा बदलत टाके मारायला सांगा, म्हणजे पत्रा वाकडा होत नाही. बॅटरी आधी काढून ठेवा. सीट आणि छताचं कापडही, कारण ठिणगी तिथेच धुमसते. जोड झाल्यावर पाण्याची भोकं पुन्हा मोकळी ठेवा आणि पोकळ भागांच्या आत मेण किंवा गंजरोधक तेल फवारून घ्या. हे आतलं फवारणं बहुतेक जण विसरतात, आणि गंज आतूनच येतो.

इंजिनाबद्दल थोडक्यात. जाम असेल तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये रॉकेल किंवा डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओता, काही दिवस मुरू द्या, मग पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हळूहळू मागेपुढे फिरवा. सेल्फने जोर लावाल तर रिंगा तुटतील. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुन्या रबराला खातं आणि हवेतली ओल ओढून घेतं. म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचं किट नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं बसवा, आणि गाडी महिनोन्‌महिने भरलेल्या टाकीनिशी उभी ठेवू नका.

सुटे भाग मिळतात, पण काळ बदलतो आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे पद्मिनीचं सामान इतकी वर्षं बाजारात राहिलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, टॅक्सीला वयाची मर्यादा २० वर्षं, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली. मागणी संपली की दुकानदार माल ठेवत नाही. ऑपेरा हाउसच्या आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या दुकानांत जे आहे ते आत्ता आहे. काचेची रबरं, दिव्यांच्या रिंगा, दारांचे हँडल, ब्रेकचे सिलिंडर यांची यादी काम सुरू होतानाच करा.

कागदपत्रांसाठी आरसी बुक सगळ्यात आधी शोधा, ट्रंकेत असतं. गाडी आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर आधी वारसाच्या नावावर हस्तांतर करावं लागतं. गाडी ५० वर्षांची नसेल तर नेहमीप्रमाणे योग्यता तपासणी करून नोंदणीचं नूतनीकरण होतं, तेही पाच-पाच वर्षांसाठी. पन्नाशी झालेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी घ्यायची असेल तर नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे आणि ती १० वर्षं टिकते. आधीची नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. ही नोंदणी घेतल्यावर मात्र गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. बाजारहाटाला आणि लग्नाला न्यायची हौस असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा.

एक विनंती शेवटी. यंत्राच्या आधाराशिवाय, हातोडी आणि ठोकळ्यावर पत्र्याला मडगार्डचा गोल आकार देणारे डेंटर अमरावती-अकोल्यात आता मोजके उरले आहेत आणि त्यांची वयं झाली आहेत. त्यांच्याकडे आज शिकायला कोणी नाही, कारण नव्या गाडीचं मडगार्ड ठोकत नाहीत, बदलतात. तुमच्या घरी पद्मिनी असेल आणि काम करायचं ठरवलं असेल, तर या उन्हाळ्यातच त्यांना गाडी दाखवा, आणि ते काम करत असतील तेव्हा मुलांना शेजारी बसवा.